उन्हाआधीचे परस

थंडीची लाट आली की मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर निफाडचे नाव हमखास येते. महाबळेश्वरपेक्षाही निफाड गार, अशी बातमी वाचून दूरच्या वाचकाला नवल वाटते. पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवला जाणारा हा आकडा तालुक्यातल्या द्राक्ष बागाईतदाराची झोप उडवतो. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. असे गारठ्याचे दोन-तीन झटके बसतात, आणि माघ अर्धा होतो न होतो तोच दुपारचा पारा तिशी ओलांडतो. पहाटे अंगावर शाल आणि दुपारी डोक्यावर रुमाल, असे दिवस सुरू होतात. फाल्गुन संपेपर्यंत शाल पेटीत गेलेली असते.

विंचूर याच तालुक्यात, नाशिकहून येवला-वैजापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पानिपतावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचे हे गाव. आज त्याची ओळख लासलगाव बाजार समितीचा उपबाजार म्हणून आहे. २००१च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर औद्योगिक विकास महामंडळाने इथे वाईन पार्कही उभारले. शेत म्हणजे कांदा, द्राक्ष, गहू, ऊस, टोमॅटो. एवढी पिकवणारी माणसे घरामागच्या चार वाफ्यांत आणि ओट्यावरच्या कुंड्यांत काय लावतात, हे सहसा कुणी लिहीत नाही. खरे तर शेतातले बरेचसे शहाणपण परसात उतरलेले असते. ते नीट दिसते माघ-फाल्गुनात, कारण परसाचे वर्ष कसे जाणार हे या दोन महिन्यांत ठरते.

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो. विंचूरच्या मातीत चैत्र म्हणजे उन्हाळा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीजवळ जातो, जमिनीला भेगा पडतात, विहिरी खाली जातात. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत वसंत हा लागवडीच्या मोठ्या हंगामाचा आरंभ असतो. पुढे लांबलचक सौम्य उन्हाळा असतो. आपल्याकडे तीच पुस्तके आणि तशाच चित्रफिती पाहून लोक फेब्रुवारीत गुलाब खरडून छाटतात, मार्चमध्ये नवी रोपे आणतात, आणि मे महिन्यात कुंडीत काड्या उरतात. निफाड पट्ट्यात या दिवसांत एकच गोष्ट धरून चालावे लागते: मुळे उन्हाआधी खोल गेली पाहिजेत. कुठले रोप, कुठले वाण, किती छाटणी, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

कुंदेवाडीच्या केंद्राचे कामही याच अडचणीभोवती फिरत आले आहे. एनआयएडब्ल्यू ३४ हे तिथले गव्हाचे वाण उशिरा पेरणीसाठी आहे. खरिपाचे पीक निघायला वेळ लागला की गहू उशिरा पेरला जातो आणि दाणा भरायच्या वेळी ऊन गाठते, दाणा चिरमटतो. त्या घाईत तग धरेल असे वाण लागते. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी ही इथूनच निघालेली गव्हाची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. गव्हाला जे लागू, तेच परसातल्या दोडक्याला.

दोडका, दुधी, कारले, काकडी या वेलांची लागवड इथे जानेवारीच्या अखेरीस सुरू होते आणि फेब्रुवारीत उरकायची असते. अडचण अशी, की वेलवर्गीय बियांना उगवायला ऊब लागते आणि रात्री अजून गार असतात. म्हणून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ किंवा धान्याच्या कोठीत ठेवायचे आणि मोड दिसला की लावायचे. कारल्याचे कवच जाड, त्याला एखादा दिवस जास्त द्यावा लागतो. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत तळाला भोके पाडून रोपे तयार केली तर ती रात्री ओट्यावर, आडोशाला घेता येतात. वेलाचे मूळ दुखावले की वेल रुसतो, म्हणून लावताना पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट रोप आळ्यात ठेवतात.

ही घाई कशासाठी? कारण वेलाला आधी नर फुले येतात, मग मादी. दिवस मोठा झाला आणि उष्णता वाढली की नर फुलांचे प्रमाण वाढते. पाडव्याच्या सुमारास लावलेला दोडका मांडवभर पसरतो, पिवळ्याधमक फुलांनी भरतो आणि फळ धरायला मात्र तयार नसतो. घरचे लोक खताला दोष देतात. खरा दोष तारखेचा असतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेला वेल मार्चअखेरीस फळाला येतो आणि एप्रिलच्या भाजीची सोय होते. दुधी-दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलाला लावण्याचे काम त्या-त्या वेळी करावे लागते. दुपारी बारा वाजता हे करणाऱ्याला यश येत नाही, आणि कारण कळत नाही.

वाणांच्या बाबतीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची नावे इथल्या बियाण्याच्या दुकानांत ओळखीची आहेत. दुधीचे सम्राट, काकडीचे हिमांगी, कारल्याचे हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड, दोडक्याचे फुले सुचेता. याशिवाय इतर ठिकाणची, भेंडीसाठी परभणी क्रांती, गवारीसाठी पुसा नवबहार. परसासाठी संकरित बियाण्यापेक्षा ही सरळ वाणे बरी. एक फळ वेलावर वाळवले की पुढच्या वर्षीचे बी घरचे होते.

पालेभाज्यांची अदलाबदलही याच दिवसांत होते. कोथिंबीर आणि मेथी थंडीच्या लाडक्या. फाल्गुनात पेरलेली कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर जाते. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही. तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, घोळ या उन्हाच्या भाज्या. तांदुळजा आणि राजगिरा यांच्या पानांत अन्न तयार होण्याची रीत मका-उसासारखी आहे. कडक उन्हात आणि थोड्या पाण्यात त्यांचे काम थांबत नाही. घोळ तर विटांच्या फटीतही जगते. बाजारात या भाज्यांना मेथीचा मान नाही, म्हणून परसात त्यांना जागा द्यायला हवी. मे महिन्यात ताटात हिरवे काय, या प्रश्नाला इतके स्वस्त उत्तर दुसरे नाही.

टोमॅटोचे मात्र सांभाळून. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो बाजार देशभर माहीत असल्याने ‘आपल्याकडे टोमॅटो येतोच’ असे गृहीत धरले जाते. तो बाजार भरतो प्रामुख्याने पावसाळ्यानंतरच्या मालाने. रात्री उबदार झाल्या की टोमॅटोची फुले गळतात, आणि उन्हाळ्यात पांढरी माशी पाने वळवणारा रोग घेऊन येते. त्यामुळे दिवाळीत लावलेली झाडे फेब्रुवारीत जपावीत, खालची रोगट पाने काढावीत, खोडाला भर द्यावी. नवी लागवड करू नये. मिरची लावायची तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दुपारनंतर सावली येईल अशा जागी. चुरडा-मुरड्याने पाने गोळा होताना दिसली की निंबोळी अर्क: वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायची. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणालाही हेच. आधी पाण्याच्या जोरदार धारेने तो धुवून काढला तर निम्मे काम तिथेच होते. रोपे हवी असतील तर तालुक्यातल्या रोपवाटिकांत प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, कोकोपीटवर वाढवलेली मिळतात. हजारांच्या हिशोबाने रोपे नेणाऱ्या शेतकऱ्यांच्या रांगेत दहा रोपे मागणाऱ्यालाही तिथे नाही म्हणत नाहीत.

या दिवसांत विंचूर-लासलगाव परिसरातले सर्वांत देखणे फूल कुठल्याही रोपवाटिकेत विकायला नसते. ते कांद्याचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडून लावलेल्या कांद्यांना जानेवारीपासून पोकळ दांडे फुटतात आणि फेब्रुवारीत त्यांच्या टोकांवर पांढरे गोल गोंडे फुलतात. याला इथे डोंगळे म्हणतात. लासलगाव कांद्याला भौगोलिक मानांकन आहे आणि पिंपळगाव बसवंतच्या नावाचे बसवंत ७८० हे वाण राज्यभर लावले गेले. पण या सगळ्यामागे घरोघर बी धरण्याची जुनी सवय आहे. अनेक कुटुंबांत शेताच्या कडेला किंवा घराच्या परसात डोंगळ्यांचे एक-दोन वाफे असतातच. आकाराने सारखा, रंगाने चकाकता, मानेला बारीक, चाळीत उन्हाळाभर न सडलेला कांदा निवडून त्याचेच बी करायचे.

यात एक मेख आहे. कांद्याचे परागण परस्परांत होते आणि ते काम मधमाश्या करतात. शेजारच्या वाफ्यात दुसरा कांदा फुलला असेल तर बी मिसळते. म्हणून दोन वाणांच्या डोंगळ्यांत किलोमीटर-दीड किलोमीटर अंतर ठेवायला सांगतात. गावठाणात हे कुणालाही एकट्याने जमणारे नाही. आळीतल्या सगळ्यांनी मिळून एकच कांदा बियाण्याला धरला तरच ते शक्य होते. निफाड तालुक्यातच चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे मोठे केंद्र आहे, तिथून निघालेली ॲग्रीफाउंड लाइट रेडसारखी वाणे इथे रुळली आहेत. पण घरच्या बियाण्यावरचा विश्वास कमी झालेला नाही, आणि भाव चढले की बाजारात बनावट बी येते तेव्हा तो वाढतोच. दुसरी मेख बियाण्याच्या आयुष्याची. कांद्याचे बी वर्षभरात उगवणक्षमता गमावू लागते. त्यामुळे दर माघात डोंगळे फुललेच पाहिजेत. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे म्हणजे मधमाश्या घालवणे. ज्याच्या परसात दोडका आणि काकडी आहे, त्याने शेजारच्या डोंगळ्यांचे आभारच मानावेत. त्यांच्यावर येणाऱ्या माश्या वेलांकडेही वळतात.

कांद्याच्या शेतातला ‘पाणी तोडणे’ हा शब्दप्रयोग परसात वेगळ्या कामी येतो. उन्हाळ कांद्याच्या काढणीआधी काही दिवस पाणी तोडतात, म्हणजे कांदा पक्का होतो आणि टिकतो. मोगऱ्याला, लिंबाला, डाळिंबाला पाणी तोडतात ते बहार यावा म्हणून. झाडाला ताण दिला की पालवी थांबते, अन्न साठते, आणि पुन्हा पाणी मिळाले की ते फुलावर येते. मोगऱ्याचे पाणी पौषात कमी करायचे, पाने पिवळी पडू लागली की फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत गुडघ्याएवढी उंची ठेवून छाटायचे, बुडाची माती हलवायची, शेणखत घालायचे आणि पाणी सोडायचे. चैत्रात गजऱ्याची सोय होते. ज्यांचा मोगरा वर्षभर हिरवागार असतो आणि फुलत नाही, त्यांच्या घरी बहुधा रोज संध्याकाळी पाणी घालणारे कुणीतरी प्रेमळ माणूस असते.

लिंबू आणि डाळिंबाचा निर्णय याहून मोठा. महाराष्ट्रातल्या फळबागांत तीन बहार धरतात: आंब्याला मोहोर येतो तेव्हाचा आंबे बहार, पावसाच्या तोंडाचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. माघात परसातले डाळिंब कळीवर येऊ पाहते. तो आंबे बहार धरायचा असेल तर फळ वाढायचा सगळा काळ, मार्च ते जून, पाणी द्यावे लागेल. घरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची वेळ येत असेल तर आताच कळ्या काढून टाकाव्यात आणि मृग धरावा. कळी खुडायला जीव होत नाही, हे खरे. पण बहार धरून मे महिन्यात पाणी कमी पडले की फळेही तडकतात आणि झाडही खचते. लिंबाला हस्त बहार साधला तर ऐन सरबताच्या दिवसांत लिंबे मिळतात. मात्र त्याला ताण द्यायचा तो पावसाळ्यात, भारी काळ्या मातीत, म्हणून तो अवघड. लिंबाचे साई शरबती किंवा फुले शरबती वाण लावणाऱ्याने निदान एवढे ठरवावे, की आपल्या विहिरीला किंवा नळाला कुठल्या महिन्यात पाणी असते. पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, ही निफाड-येवल्यातली उन्हाळ्याची सर्वांत मोठी बातमी असते. तिचा परसातल्या डाळिंबाशी थेट संबंध आहे.

गुलाबाबद्दल थोडे. मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. त्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्यात गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरात होते. फेब्रुवारीत फक्त सुकलेली फुले खालच्या सशक्त डोळ्यापर्यंत कापावीत आणि खत हलके द्यावे. शेवंतीचे काम मात्र आताच करायचे: फुले संपली की दांडे जमिनीलगत कापायचे आणि बुडातून येणारे फुटवे सावलीत जपायचे. पुढच्या दसऱ्याची शेवंती त्या फुटव्यांत आहे.

आणि द्राक्ष? ओझरचे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग लावली तेव्हापासून या भागाची ओळख बदलली. साहजिकच नव्या घराच्या अंगणात एक द्राक्षवेल असावा असे अनेकांना वाटते. तो न लावलेला बरा. इथला वेल वर्षातून दोनदा छाटावा लागतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी बहार छाटणी; पहिल्या छाटणीनंतरच्या फुटींत फळाचे डोळे तयार होतात. ती चुकली की नुसता पाला. त्यावर भुरी आणि केवडा हे रोग आवरायला औषधांचा मारा लागतो, आणि ज्या अंगणात मुले खेळतात तिथे तो परवडणारा नाही. सावलीसाठी मांडवच हवा असेल तर कृष्णकमळ किंवा दोडका चढवावा. द्राक्षबागेकडून परसाने घ्यायच्या त्या दुसऱ्या गोष्टी.

पहिली गोष्ट ठिबक. बागेत बदललेल्या जुन्या नळ्या घरामागे पडून असतात. त्यांतल्या चांगल्या तोट्या निवडून पाण्याची टाकी तीन-चार फूट उंचावर ठेवली की वाफ्याला थेंबाथेंबाने पाणी मिळते. हे नसेल तर वेलाच्या आळ्यात झिलई नसलेले, झिरपणारे मडके गळ्यापर्यंत पुरून ते दोन दिवसांआड भरावे. दुसरी गोष्ट आच्छादन. मार्च-एप्रिलमध्ये गावात जे फुकट असते ते मोजले तर थक्क व्हायला होते: गव्हाचे काड, उसाचे पाचट, कापलेली कांद्याची वाळकी पात, द्राक्षाच्या छाटणीचा पाला. चार बोटे जाडीचा थर वाफ्यावर आणि कुंडीत पसरला तर माती तडकत नाही आणि पाण्याची पाळी लांबते. पाचट पेटवून देण्याच्या सवयीपेक्षा हे कितीतरी भले.

तिसरी गोष्ट चुनखडीची. निफाडची काळी माती अनेक ठिकाणी चुनखडीमुळे विम्लधर्मी आहे. तिच्यात लोह असते पण झाडाला घेता येत नाही. शेंड्याची पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असे जास्वंदी-गुलाबावर दिसले की लोक युरिया टाकतात आणि काही सुधारत नाही. बागाईतदार अशा वेळी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरतो. ते शेणखतात मुरवून बुडाशी द्यावे, किंवा लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारावे. कुंडी भरताना निव्वळ काळी माती घेऊ नये. निम्मे शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळली तरच पाणी निचरते. आणि पाणी द्यायचे ते वापसा पाहून. वरचा बोटभर थर कोरडा, खाली ओल, ही वेळ साधणाऱ्याच्या कुंड्या उन्हाळ्यात मरत नाहीत.

मार्च लागला की गच्चीवरच्या कुंड्यांना नवा प्रतिस्पर्धी भेटतो: कुरडया, पापड, सांडगे. वाळवणाला भर ऊन हवे, झाडांना आता ते नको. ही वाटणी बरी जुळते. कुंड्या भिंतीच्या पूर्व बाजूला सरकवाव्यात, एकमेकींना खेटून ठेवाव्यात, आणि निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी डोक्यावर ताणावी. जाळी लवकर बांधण्याला आणखी एक कारण आहे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, निफाडच्या उभ्या बागा आणि कांदे झोडपले गेले. तेव्हापासून या महिन्यांत आभाळ भरून आले की सगळ्यांच्या छातीत धस्स होते. मोठ्या गारेपुढे घरची जाळी टिकणार नाही, पण कोवळे वेल आणि रोपे ती वाचवते.

झाडे लावायची हौस या दिवसांत उफाळते, कारण पळस-पांगारा फुललेले असतात आणि आंबा मोहोरलेला. आंबा, चिंच, आवळा, शेवगा यांची रोपे आता आणू नयेत. आता जागा ठरवावी, सकाळ-दुपारच्या सावल्या पाहाव्यात, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून अंतर मोजावे. एप्रिलमध्ये खड्डे घ्यावेत, आंब्यासाठी मीटरभर लांब-रुंद-खोल, लिंबासाठी दोन फूट. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. मेभर खड्डे उघडे तापू द्यावेत, म्हणजे मातीतल्या किडी आणि हुमणीच्या अळ्या उन्हाने मरतात. मृगाच्या तोंडावर वरची माती, शेणखत आणि निंबोळी पेंड यांनी ते भरावेत. पहिला चांगला पाऊस होऊन वापसा आला की केशर आंब्याचे कलम लावावे, जोड मातीच्या वर ठेवून.